'ओव्हरहिअर' म्हणजे चोरून ऐकणे नव्हे

धागाकर्ती: अनुवादिका

मी अनेक वर्षे मराठी आणि इंग्रजी कार्यालयीन कागदपत्रांचा अनुवाद करते. गेल्या महिन्यात एका खासगी आस्थापनेतील अंतर्गत चौकशीचे कागद माझ्याकडे तपासणीसाठी आले. तेथे सफाईचे काम करणाऱ्या एका बाईंनी मराठीत जबाब दिला होता. त्यातले मुख्य वाक्य असे होते: 'मी मोरीत कपबशा विसळत होते, तेव्हा पलीकडच्या खोलीत दोन साहेब बोलत होते, ते बोलणे माझ्या कानावर पडले.' इंग्रजी प्रत तयार करणाऱ्याने 'कानावर पडले' यासाठी 'ईव्ह्जड्रॉप' हे क्रियापद वापरले होते. ही प्रत वाचणाऱ्या समितीने बाईंना पहिलाच प्रश्न विचारला, तो असा की, आपण वरिष्ठांचे बोलणे चोरून का ऐकत होता? बिलांतील ज्या फेरफाराबद्दल त्या सांगायला आल्या होत्या तो विषय बाजूला राहिला आणि त्यांच्या हेतूचीच झडती सुरू झाली.

त्या जागी 'ओव्हरहिअर' हे क्रियापद हवे होते. एका शब्दाने एका साक्षीदाराला आरोपीच्या जागी बसवले, आणि म्हणून मला या क्रियापदाचा अर्थ नीट मांडावासा वाटतो. आपल्याकडच्या शालेय मार्गदर्शकांत आणि मोबाइलवरच्या भाषांतरयंत्रांतही 'ओव्हरहिअर' समोर 'चोरून ऐकणे' असे लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. ते चुकीचे आहे.

या क्रियापदात तीन गोष्टी एकत्र येतात. बोलणारा आपल्याशी बोलत नसतो. आपण ते ऐकत आहोत हे बहुधा त्याला ठाऊक नसते. आणि सर्वसाधारणपणे आपणही ते ऐकायला म्हणून तेथे गेलेलो नसतो. 'चोरून ऐकणे' यात पहिल्या दोन गोष्टी येतात, पण तिसरी नेमकी उलटी होते, कारण चोरी ठरवून केलेली असते. इंग्रजीत 'हिअर' आणि 'लिसन' यांत जो भेद आहे, तो आपण 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' या जोडीने दाखवतो. 'ओव्हरहिअर' हे 'हिअर' च्या कुळातले आहे, म्हणजे ऐकू येण्याच्या बाजूचे आहे, आणि 'ईव्ह्जड्रॉप' मध्ये 'हिअर' नसले तरी त्याची वृत्ती 'लिसन' ची आहे.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत अपघाताने ऐकणारा माणूसही वाक्याचा कर्ता असतो. 'मी ओव्हरहर्ड' असे म्हणताच व्याकरणाने कृती माझ्या पदरी पडते. मराठीत तसे होत नाही. 'मला ऐकू आले' यात मी चतुर्थीत उभी आहे, कर्त्याच्या जागी नाही. 'बोलणे माझ्या कानावर पडले' यात तर कर्ता बोलणेच आहे. झाडावरून फळ पडावे तसे ते पडले आहे आणि माझा कान केवळ त्याच्या खाली आला आहे. मोरीत कपबशा विसळणाऱ्या बाईंनी व्याकरण शिकल्यावाचून आपला निर्दोषपणा क्रियापदातच नोंदवला होता. अनुवादकाने तो पुसला.

आता अडचण अशी की 'कानावर पडणे' हेही 'ओव्हरहिअर' च्या मापाचे तंतोतंत नाही. 'चार चांगले शब्द कानावर पडावेत म्हणून कीर्तनाला जावे' असे आपण म्हणतो, आणि कीर्तनकार तर आपल्यासाठीच बोलत असतो. 'त्यांची बदली झाल्याचे कानावर आले' यात कोणाचे खासगी बोलणे ऐकलेले नाही, बातमी पोहोचली आहे. 'कानावर घालणे' हे त्याच शब्दांचे सकर्मक रूप घेतले की अर्थ पालटतो आणि कोणी मुद्दाम सांगितले असे होते. म्हणजे बोलणे इतरांचे आपापसांतले होते ही गोष्ट मराठीत वेगळी सांगावी लागते: 'त्या दोघांचे बोलणे कानावर पडले', 'ते आपापसांत बोलत होते, ते ऐकू आले'. एका शब्दात हे सारे सामावणारे मराठी क्रियापद कोणास ठाऊक असल्यास कृपया सांगावे. अनुवादकांसाठी मी एक टिपण करत आहे, त्यात ही नोंद नेमकी असावी असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद: मास्तर_निवृत्त

अनुवादिका ताई, आपण हा विषय मांडलात याचा आनंद झाला. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले. या क्रियापदावर मुले ज्या ठिकाणी अडखळत ती ठिकाणे आजही माझ्या लक्षात आहेत.

पहिली चूक उपसर्गाची. 'ओव्हरईट' म्हणजे प्रमाणाबाहेर खाणे आणि 'ओव्हरवर्क' म्हणजे प्रमाणाबाहेर राबणे, हे शिकलेला मुलगा 'ओव्हरहिअर' म्हणजे जास्त ऐकणे असा अर्थ लावतो. त्याचे तर्कशास्त्र बरोबर असते, पण भाषा तेथे त्याला साथ देत नाही. 'ओव्हर' हा उपसर्ग इंग्रजीत अनेक वाटांनी चालतो. 'ओव्हरसी' म्हणजे देखरेख करणे आणि 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणे. दोन्हींत 'वरून पाहणे' आहे, तरी अर्थ परस्परांच्या विरुद्ध गेले आहेत. 'ओव्हरसाइट' या नामात तर देखरेख आणि अनवधान असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

दुसरी चूक मोठी माणसेही करतात. 'तुम्ही पुण्याला चालला आहात असे मी ऐकले' हे सांगताना ते 'ओव्हरहर्ड' म्हणतात. ही बातमी कोणी त्यांना सरळ सांगितली असेल तर साधे 'हर्ड' पुरे. तुम्ही ती गोष्ट तिसऱ्याला सांगत असताना त्यांच्या कानावर गेली असेल तरच 'ओव्हरहर्ड' योग्य ठरते. तसेच या क्रियापदाचे कर्म बहुधा माणसाचे बोलणे असते. कोकिळेचा आवाज किंवा रेल्वेची शिटी कोणी 'ओव्हरहिअर' करत नाही, कारण त्यात आपल्यापासून राखून ठेवावे असे काही नसते.

रचनेबद्दल थोडे सांगतो. 'आय ओव्हरहर्ड देम आर्ग्युइंग' यात त्यांचा वाद चालू असताना त्यातला काही भाग कानावर आला. 'आय ओव्हरहर्ड हिम से' यात त्याचे एक पूर्ण विधान ऐकू आले. कर्मणी प्रयोगात या दुसऱ्या रचनेत 'टू' परत येतो: 'ही वॉज ओव्हरहर्ड टू से'. आपली वृत्तपत्रे याचे 'असे म्हणताना ऐकण्यात आले' असे भाषांतर करतात, ते मला खटकते, कारण 'ऐकण्यात आले' या शब्दांना मराठीत लोकवार्तेचा वास आहे. 'असे बोलताना काहींनी त्यांना ऐकले' हे सरळ आहे.

आणखी एक वाक्य मी प्रत्येक वर्गात पाठ करून घेत असे: 'आय कुडन्ट हेल्प ओव्हरहिअरिंग'. शब्दशः पाहिले तर 'ऐकण्यावाचून माझा इलाज नव्हता', पण त्याचे काम मध्येच बोलण्याची परवानगी मागण्याचे आहे. बसथांब्यावर दोन प्रवासी चुकीच्या गाडीची वाट पाहत असतील, तर आपण म्हणतो, 'मध्येच बोलतो, माफ करा, तुमचे बोलणे कानावर आले म्हणून सांगतो, ती गाडी येथून सुटत नाही.' इंग्रजीत हे सारे सौजन्य त्या एका वाक्यात आहे. 'चोरून ऐकणे' हा अर्थ घेतला तर हे वाक्य गुन्ह्याची कबुली ठरेल.

प्रतिसाद: पागोळी

'ईव्ह्जड्रॉप' या शब्दाची घडण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती कोकणातल्या माणसाला कोणत्याही शब्दकोशाविना समजते.

'ईव्ह्ज' म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड, आपली वळचण. 'ईव्ह्जड्रिप' म्हणजे त्या कडेवरून गळणारे पाणी, आपल्या पागोळ्या, आणि पुढे ते पाणी जेथे पडते ती भिंतीलगतची जमिनीची पट्टी. त्या पट्टीत उभे राहून आतले बोलणे ऐकणारा तो 'ईव्ह्जड्रॉपर'. आमच्या घरी नळ्यांचे छप्पर होते. आषाढात पागोळ्या लागल्या की अंगणाच्या कडेला, भिंतीपासून हात-दीड हातावर, मातीत एका ओळीत बारीक खळगे पडत. एकेका नळ्याखाली एकेक खळगा, आणि त्यात धुऊन वर आलेली पांढरी वाळू. त्या ओळीच्या आत पाय ठेवला की माणूस छपराखाली येतो. पाठ कोरडी राहते आणि आत माजघरात आई आणि काकू काय बोलत आहेत ते शब्द न शब्द ऐकू येते. इंग्रजी शब्द त्याच पट्टीतून निघाला आहे.

हा केवळ वाईट सवयीचा शब्द नव्हता. इंग्लंडच्या रूढ कायद्यात तो अपराध होता. विल्यम ब्लॅकस्टन यांनी आपल्या विधिभाष्याच्या 1769 च्या चौथ्या खंडात, भिंतीखाली, खिडकीखाली किंवा वळचणीला उभे राहून लोकांचे बोलणे ऐकणारे आणि त्यावरून बदनामीच्या कंड्या रचणारे लोक सार्वजनिक उपद्रवात गणले आहेत. तेथे नुसते ऐकणे नाही, ऐकून कंड्या पिकवणे हेही दोषाचा भाग आहे. हा अपराध इंग्लंड आणि वेल्समध्ये 1967 च्या फौजदारी कायद्याने रद्द झाला. म्हणजे ज्या शब्दाने त्या बाईंचे वर्णन केले गेले, त्याच्या पाठीशी शेकडो वर्षांचा अपराधाचा इतिहास उभा आहे. अनुवादकाला हे ठाऊक नसेल, पण इंग्रजी वाचणाऱ्याला शब्दाचा तो डाग जाणवतोच.

'ओव्हरहिअर' चा इतिहास याहून वेगळा आहे. जुन्या इंग्रजीत याच घडणीचे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ ऐकून न ऐकल्यासारखे करणे, आज्ञा न मानणे असा होता. जर्मन भाषेतले त्याचे भावंड 'युबरह्योरेन' आजही ऐकू न येणे किंवा कानाआड करणे याच अर्थाने वापरले जाते. डच भाषेतले 'ओव्हरहोरेन' आणखी निराळे: मुलाकडून धडा म्हणवून घेणे. इंग्रजीत मात्र सोळाव्या शतकापासून आजचा अर्थ रुळला. आवाज ज्यांच्यासाठी होता त्यांच्या टप्प्यापलीकडे तो ऐकू येणे, अशी त्यामागची कल्पना असावी असे व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात. तीन सख्ख्या भाषांत एकच शब्द, आणि एकीकडे न ऐकणे, दुसरीकडे तपासून ऐकणे, तिसरीकडे नकळत ऐकू येणे. मास्तर म्हणतात तसे 'ओव्हर' वर विसंबून अर्थ काढू नये, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

प्रतिसाद: अनुवादिका

पागोळी यांचे मनःपूर्वक आभार. 'वळचणीला उभे राहून ऐकणे' हा 'ईव्ह्जड्रॉप' साठी इतका अचूक मराठी पर्याय आहे की मी तो टिपणात घेणारच. त्या बाई वळचणीला उभ्या नव्हत्या. त्या त्यांच्या रोजच्या कामाच्या जागी, मोरीत होत्या.

प्रतिसाद: न्यायपत्र

मी वकिली करतो, म्हणून पुराव्याच्या बाजूने लिहितो. नकळत कानावर पडलेले बोलणे म्हणजे ऐकीव पुरावा, असा एक समज सर्रास आढळतो आणि तो अशिलांच्या मनातून काढताना आम्हाला फार बोलावे लागते. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 60 नुसार तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो. गोष्ट ऐकण्याजोगी असेल तर ती स्वतः ऐकणाऱ्यानेच साक्ष द्यावी लागते. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली तरी हे तत्त्व कायम आहे. दोन साहेबांचे बोलणे ज्या बाईंनी स्वतः ऐकले, त्या 'असे बोलणे झाले' या गोष्टीच्या प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. त्यांनी ते घरी जाऊन बहिणीला सांगितले आणि बहीण साक्षीला आली, तर मात्र बहिणीचे सांगणे ऐकीव ठरेल.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा साहू विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा निवाडा प्रसिद्ध आहे. तो 1966 च्या विधिवृत्तांत छापलेला आहे. सुनेच्या खुनाचा आरोप असलेला माणूस पहाटे घरातून बाहेर पडताना स्वतःशीच पुटपुटत होता की, तिला संपवले आणि त्यासोबत रोजची भांडणेही संपली. ते पुटपुटणे शेजारच्यांच्या कानावर गेले. कबुली म्हटली की ती कोणाला तरी उद्देशून दिलेली हवी, असा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. कबुली दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे हा तिच्या व्याख्येचा भाग नाही, स्वतःशी केलेले बोलणेही कबुली असू शकते, असे न्यायालयाने म्हटले. अर्थात असा पुरावा दुबळ्या जातीचा असतो आणि नेमके शब्द कोणते होते हे शक्य तितक्या स्पष्टपणे सिद्ध व्हावे लागते.

हा निवाडा मी येथे आणला त्याचे कारण असे की, ज्यांनी ते पुटपुटणे ऐकले त्यांना कोणीही 'तुम्ही का ऐकले' असे विचारले नाही. काय ऐकले, किती अंतरावरून ऐकले, शब्द नेमके कोणते, एवढेच प्रश्न तेथे महत्त्वाचे होते. आपण सांगितलेल्या चौकशीतही तेच प्रश्न विचारायला हवे होते. मोरी आणि खोली यांमध्ये भिंत आहे की फळी, नळ चालू होता की बंद, हे कोणी विचारले का?

प्रतिसाद: संहिता

मी धागाकर्तींशी काही अंशी असहमत आहे. 'ओव्हरहिअर' मध्ये हेतू नसतोच असे त्यांचे म्हणणे वाचणाऱ्याच्या मनात ठसते, पण इंग्रजीचा वापर इतका काटेकोर नाही. शब्दकोशांचा भर बोलणाऱ्याच्या अजाणतेपणावर असतो. ऐकणाऱ्याची अजाणता बहुतेक वेळा असते, नेहमी नाही. 'त्यांचे बोलणे ओव्हरहिअर करता यावे म्हणून तो जवळ सरकला' असे वाक्य इंग्रजीत सहज लिहिले जाते आणि कोणी ते चूक मानत नाही.

याहून अवघड प्रश्न मधल्या प्रदेशाचा आहे. कालिदासाच्या शाकुंतलाचा पहिला अंक पाहावा. दुष्यंत आश्रमात शिरतो, आणि झाडांच्या उजव्या बाजूने त्याला बोलण्याचा आवाज ऐकू येतो. येथपर्यंत सर्व काही कानावर पडले या सदरात बसते. मग तो झाडाच्या सावलीआड उभा राहून शकुंतला आणि तिच्या सख्यांचे बोलणे ऐकत राहतो. ऐकू येणे कोणत्या क्षणी संपले आणि चोरून ऐकणे कोणत्या क्षणी सुरू झाले? माझ्या मते पाय थांबले त्या क्षणी. कान मिटता येत नाहीत, पण पाय उचलता येतात.

संस्कृत नाट्यपरंपरेने ऐकण्याच्या या छटा किती बारकाईने नोंदवल्या आहेत हेही पाहण्यासारखे आहे. 'स्वगत' कोणीच ऐकायचे नाही, 'जनांतिक' एकानेच ऐकायचे आणि बाकीच्यांनी रंगमंचावर असूनही ऐकले नाही असे समजायचे. प्रेक्षक मात्र सारे ऐकतो. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1833 मध्ये वक्तृत्व आणि काव्य यांतला भेद सांगताना हेच क्रियापद योजले होते: वक्तृत्व ऐकले जाते आणि काव्य 'ओव्हरहर्ड' असते, म्हणजे कवी स्वतःशी बोलतो आणि ते आपल्या कानी येते. या वाक्यात 'चोरून ऐकणे' घालून पाहा, वाक्य कोसळते. तेवढ्यापुरता मी धागाकर्तींच्या बाजूचा आहे.

प्रतिसाद: अनुवादिका

संहिता, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि मी माझे विधान सौम्य करते. 'सर्वसाधारणपणे' हा शब्द मी लिहिला होता, पण पुढे जाऊन त्याचा मान राखला नाही. पाय थांबण्याची आपली कसोटी मी अनेक वाक्यांवर लावून पाहिली आणि ती टिकते. न्यायपत्र यांच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, भिंतीबद्दल किंवा नळाबद्दल कोणीही विचारलेले नाही. मी पूर्ण टिपणे वाचली आहेत.

प्रतिसाद: दूरदेशी

मी गेली वीस वर्षे परदेशात राहते. हा धागा वाचताना मला घरातली एक गोष्ट वेगळ्या नजरेने दिसली. आम्ही दोघे एकमेकांशी मराठी बोलतो, मुलांशी नाइलाजाने इंग्रजी बोलत आलो, आणि मुलांना मराठी येत नाही असे पाहुण्यांना खंतावून सांगत आलो. गेल्या वर्षी धाकट्याने हौसेने मराठीचा वर्ग लावला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या शिक्षिका म्हणाल्या की 'ळ' आणि 'ण' त्याला कोणी शिकवले, कारण वर्गातल्या इतर मुलांची जीभ त्या दोन अक्षरांवर अडते. त्याला कोणीच शिकवले नव्हते. स्वयंपाकघरात आम्ही 'वरणाला फोडणी दिलीस का', 'केळी काळी पडली' असे जे बोलत होतो ते शेजारच्या खोलीत गृहपाठ करताना त्याच्या कानावर पडत होते.

यावर संशोधन झाले आहे हे मला नंतर समजले. टेरी ऑ आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी प्रौढ मुले-मुली घेतली होती, ज्यांनी लहानपणी स्पॅनिश भाषा नुसती आसपास ऐकली होती, बोलली नव्हती. मोठेपणी शिकताना त्यांचे उच्चार, लहानपणी ती भाषा कानावर न पडलेल्यांपेक्षा, मातृभाषकांच्या अधिक जवळचे निघाले. व्याकरणात मात्र तसा फायदा दिसला नाही. नमीरा अख्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले की दोन वर्षांच्या आसपासची मुले, मोठी माणसे आपापसांत बोलत असताना वापरलेले नवे शब्दही उचलतात. दोन्ही ठिकाणी शीर्षकात आणि विवेचनात क्रियापद हेच आहे: 'ओव्हरहिअर'. 'मुलांनी चोरून ऐकून भाषा शिकली' असे त्याचे भाषांतर कोणी केले तर मला ते सहन होणार नाही. मुलाला मी आजवर दिलेल्या मराठीपैकी सर्वांत टिकाऊ भाग मी त्याला उद्देशून बोललेच नव्हते, ही गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही.

प्रतिसाद: तरंगलांबी

थोडी तांत्रिक भर घालतो. बिनतारी संवेदक जाळ्यांत 'ओव्हरहिअरिंग' ही रूढ संज्ञा आहे. एका यंत्राने दुसऱ्यासाठी पाठवलेला संदेश, केवळ टप्प्यात असल्यामुळे, तिसऱ्या यंत्रालाही ऐकू येतो, आणि तो स्वीकारण्यात त्याची विद्युतघटातली ऊर्जा वाया जाते. काहीच येत नसताना कान उघडा ठेवून बसण्याला 'आयडल लिसनिंग' म्हणतात. पाहा, तेथेही 'हिअर' आणि 'लिसन' यांची वाटणी धागाकर्तींनी सांगितली तशीच आहे. दुसऱ्याचा संदेश हेतुपूर्वक पकडला तर अभियंतेही त्याला 'ईव्ह्जड्रॉपिंग' म्हणतात आणि तो हल्ल्यांच्या यादीत जातो. संवेदकाचा हेतू नसतो, म्हणून कदाचित तेथे शब्द अधिक स्वच्छ राहिले आहेत.

माणसाचा कानही पुरता बंद नसतो. नेव्हिल मोरे यांनी 1959 मध्ये केलेल्या प्रयोगात, एका कानातल्या मजकुराकडे पूर्ण लक्ष देणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना दुसऱ्या कानात उच्चारलेले स्वतःचे नाव ऐकू आले. बाईंच्या जबाबात त्यांचे स्वतःचे किंवा त्यांच्या विभागाचे नाव त्या बोलण्यात आले होते का, हे पाहावे.

प्रतिसाद: पागोळी

एका मराठी शब्दासाठी विचारले होते, त्याचे उत्तर राहिले. 'कानोसा घेणे' चालणार नाही, त्यात हेतू आहे. 'षट्कर्णी होणे' हा शब्द जवळ येतो, कारण दोघांचे चार कान आणि तिसऱ्याचे दोन मिळून सहा. पण तो शब्द गुपिताच्या बाजूने बोलतो, ऐकणाऱ्याच्या बाजूने बोलत नाही. नाथपंथाची आपल्याकडची उगमकथा मात्र संपूर्ण या क्रियापदावर उभी आहे: शंकर पार्वतीला ज्ञान सांगत होते आणि ते माशाच्या पोटातल्या मत्स्येंद्रनाथांना मिळाले. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाच्या अखेरीस गुरुपरंपरा सांगताना ही कथा घेतली आहे, आणि तेथेही मत्स्येंद्रांनी ते ऐकले असे म्हटलेले नाही. ते त्यांच्या हाती आले, अशी रचना आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीही मराठीने येथे कर्ता ज्ञानालाच केले. मला वाटते एक शब्द शोधण्याऐवजी ही रचनाच आपण जपावी.

प्रतिसाद: अनुवादिका

टिपणातली नोंद मी अशी केली आहे: 'ओव्हरहिअर: इतरांचे आपापसांतले बोलणे (सहज, नकळत) कानावर पडणे. हेतू संदर्भाने स्पष्ट असेल तरच वेगळा दाखवावा. चोरून ऐकणे, वळचणीला उभे राहून ऐकणे यासाठी ईव्ह्जड्रॉप.' पागोळी यांच्या सूचनेनुसार बोलणे कर्तास्थानी ठेवण्याची टीपही जोडली आहे.

तरंगलांबी, आपल्या शंकेचे उत्तर होय असे आहे. त्या बोलण्यात सफाई विभागाच्या साबणाच्या बिलांचा उल्लेख होता, आणि तेवढ्याच शब्दांवर बाईंचे लक्ष गेले असे त्यांनी जबाबात पुढे सांगितले आहे.

सुधारित इंग्रजी प्रत काल समितीला सादर झाली. तिच्यावर बाईंची पुन्हा सही हवी होती, म्हणून मी ती त्यांना वाक्यावाक्याने मराठीत समजावून सांगितली. त्या शब्दापाशी त्यांनी मला थांबवले आणि तो पुन्हा वाचायला सांगितला. मी वाचला. त्यांनी विचारले, 'यात चोरून असे कोठे आहे का?' मी नाही म्हटले. मग त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि सही केली.